तिसरा तुकडा

टिंग.

वाटीच्या काठाला चमचा लागावा एवढाच आवाज. भर दुपारी वीज गेली होती, कूलर बंद, खिडक्यांचे पडदे ओढलेले. दिवाणावर मैतू इतकी गप्प पडली होती की मी पुन्हापुन्हा तिच्या नाकाशी बोट धरून पाहत होते. त्या शांततेत तो आवाज फार मोठा वाटला.

मैतूनं डोळे न उघडताच विचारलं, "चिमी जेवली?"

"जेवली."

"काय खाल्लं?"

"एक मोठ्ठी संख्या."

"रोज संख्याच," ती म्हणाली. "वरण-भात दे ना तिला कधीतरी."

चिमी म्हणजे आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यातलं यंत्र. पोळ्यांच्या डब्याएवढं, राखाडी. दिवसभराचं काम जपून ठेवलं की रोज दुपारी टिंग करतं. अकोल्यात वीज जाते, पण चिमीला स्वतःची बॅटरी आहे. ती कधी थांबत नाही. मैतू पाच दिवसांची असताना ते सुरू झालं, म्हणून मैतूच्या लेखी ती तिची जुळी बहीण. वाढदिवसाला आधी चिमीला ओवाळायचं, मग मैतूला. सहा वाढदिवसांचं कुंकू चिमीच्या झाकणावर साचून त्याचा तपकिरी थर झालाय.

चिमीच्या पोटात एका बाईचं नाव आहे.

मैतू माझ्या पोटात वाढली, माझं दूध प्यायली, पण ज्या बीजापासून ती झाली ते माझं नव्हतं. शंतनू तिचा बाप. बीज कुण्या अनोळखी बाईनं दान केलेलं. अशा बाईचं नाव मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत कुणालाही कळू द्यायचं नाही, असा कायदा आहे. पूर्वी ही नावं दवाखान्याच्या कपाटांत असत आणि कपाटं फुटत. कुणी नावं विकायचं, कुणी धमकावायचं. म्हणून आता नाव काळकुलपात घालतात आणि मूळ नोंद नष्ट करतात. जनुकांवरून माणूस हुडकायलाही बंदी आहे. अठराव्या वाढदिवशी कुलूप आपोआप उघडतं. नाव वाचायचं की नाही, हे त्या मुलीनं ठरवायचं.

मैतूच्या पाचवीच्या दिवशी बीजकेंद्रातला एक तरुण इंजिनिअर ते यंत्र घेऊन घरी आला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पूजा मांडली होती. पाटा-वरवंटा, फुलं, दिवा, आणि सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि लेखणी.

"अठरा वर्सं हे डबडं काय करनार?" आत्याबाईंनी विचारलं.

"गणित करणार, काकू."

"एवढं मोठं गनित? मंग दहा डबडे लावा ना. लवकर होईन."

तो पोरगा अडखळला. मी शाळेत गणित शिकवते. मांडीवरच्या मैतूला थोपटत मीच सांगितलं. एक संख्या घ्यायची. तिला तिनंच गुणायचं. आलेल्या उत्तराला एका प्रचंड संख्येनं भागायचं आणि उरलेल्या बाकीला पुन्हा तिनंच गुणायचं. पुन्हा भागायचं, पुन्हा बाकी. अब्जावधी वेळा. मागची बाकी हातात आल्याशिवाय पुढचा गुणाकार करता येत नाही, म्हणून हे काम दहाजणांत वाटता येत नाही. अगदी शेवटची बाकी हीच कुलपाची किल्ली.

"दह्यासारखं, आत्याबाई. दहा भांड्यांत विरजण लावलं म्हणून दही दहापट लवकर लागत नाही."

"मंग तसं सांग ना व! दहीच म्हन!" त्या हसल्या. "अन् मधीच जीवावर बेतलं तर?"

त्यासाठी एक आडवाट होती. ती प्रचंड संख्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून तयार केलेली असते. त्या दोन संख्या ज्याच्या हातात, त्याला अब्जावधी पायऱ्या चढाव्या लागत नाहीत; तो एका क्षणात शेवटच्या बाकीपाशी पोचतो. ही आडवाट केंद्र स्वतःकडे ठेवत नाही. तिचे तीन तुकडे करतं. एक आईला, एक बापाला, आणि नवरा-बायकोच्या भांडणात कुलूप उघडलं जाऊ नये म्हणून तिसरा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला. तिन्ही एकत्र आले तरच वाट सापडते. दोन तुकडे म्हणजे दोन-तृतीयांश वाट नव्हे. दोन तुकडे म्हणजे काहीच नाही. त्यांची नक्कलही निघत नाही.

सुपारीएवढे चांदीच्या रंगाचे तीन तुकडे त्या पोरानं आमच्या तिघांच्या हातांवर ठेवले. मी माझा कपाटात टाकला. शंतनूनं त्याचा पाकिटात. आत्याबाईंनी त्यांचा तुकडा डोळ्यांना लावून सटवाईच्या कोऱ्या कागदावर ठेवला.

"हिचं जे लिवलं हाय थे याच्यातच हाय ना? मंग इथंच शोभते."

त्या दिवशी अंघोळीला गेले तेव्हा कोण जाणे कशानं मला रडू फुटलं. शंतनू दाराशी आला. मी आतूनच म्हणाले, "उद्या ती बाई दारात उभी राहिली, आणि म्हणाली माझी पोरगी द्या, तर?"

"नाव कुलपात आहे, वेडे."

"पण तुकडे आहेत ना! कुणीतरी कधीतरी उघडेलच की!"

नळ सोडलेला होता. शंतनूशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही, असं मला वाटलं.

*

यंदाच्या उन्हाळ्यात मैतूच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. खेळताना लागलं असेल म्हणून मी हळद लावत राहिले. मग हिरड्यांतून रक्त. मग नाकातून. डॉ. साबळेबाईंनी हाडातला द्राव तपासला आणि मला खुर्चीत बसवून सांगितलं, "मज्जा आटलीय. रक्त तयार होणंच थांबलंय. दुसऱ्याची मज्जा द्यावी लागेल."

"माझी घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फाइल त्यांच्यासमोरच होती. "गौतमीताई, तुमची नाही चालणार."

सहा वर्षांत मी हे एकदाही विसरले नव्हते, असं मला वाटायचं. त्या खुर्चीत कळलं की मी पार विसरून गेले होते.

शंतनूची निम्मी जुळत होती. पण मैतूला इतक्या वेळा रक्त चढवलं गेलं की तिच्या शरीरात बापाच्या पेशींवर तुटून पडणारी प्रतिपिंडं तयार झाली. दात्यांच्या देशभरच्या यादीत कुणी जुळलं नाही. उरली ती बाई. ती, किंवा तिची स्वतःची मुलं.

"ते कुलूप उघडा," साबळेबाई म्हणाल्या. "यासाठीच ठेवलेत ना तुकडे?"

त्याच संध्याकाळी आम्ही आत्याबाईंकडे गेलो. त्या दोन गल्ल्या सोडून राहतात. माझा तुकडा मुठीत होता, शंतनूचा खिशात. आत्याबाई गवार मोडत बसल्या होत्या. शंतनूनं सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले, मग पुन्हा चालायला लागले.

"नाई देत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"माय, अगं मैतूसाठी मागतोय," शंतनू म्हणाला.

"समजलं मले. नाई देत म्हनलं ना."

"कावून पन?" चिडला की शंतनू आईच्या बोलीत शिरतो.

"गावभर होते. उद्या लोकं म्हनतीन, गावंड्याची नात कोन्या दुसऱ्याच बाईची हाय. माह्या घरचं नाव हाय तिले. दुसरं नाव नाई लागू देत मी."

"तिचं रक्त आटलंय, आत्याबाई," मी म्हणाले. "नाव कुठं लावणार? फोटोखाली?"

त्यांनी गवारीचं ताट उचललं आणि आत निघून गेल्या. मोरीत नळ बराच वेळ वाहत राहिला.

*

त्या दिवसापासून मी त्यांना घरात येऊ दिलं नाही.

मैतूला जंतूंपासून जपायचं होतं, त्यामुळे कारण आयतंच होतं. त्या रोज सकाळी यायच्या. पायऱ्यांवर बसायच्या. एकदा गुळातल्या शेवया करून आणल्या, मैतूला आवडतात त्या. डबा अजून गरम होता.

"डॉक्टरांनी बाहेरचं मना केलंय," मी जाळीच्या दाराआडून म्हणाले.

"मी बाहीरची व्हय?"

"हो."

त्यांनी डबा पायरीवर ठेवला. मी तो उचलला नाही. दुपारपर्यंत मुंग्यांनी तो भरला. मैतू खिडकीतून ते पाहत होती. "आजी रुसली का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "हो. आजीचं तुझ्यावर प्रेम नाही राहिलं."

हे मी बोलले. सहा वर्षांच्या, नाकात कापसाचे बोळे घातलेल्या पोरीला. वाटलं होतं, ती रडेल आणि तिचं रडणं पायऱ्यांवर ऐकू जाईल. ती रडली नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग आता माझं डबल करते. तिच्या वाट्याचंपण."

शंतनू मध्ये पडायचा. "माय अशी नाही गं. काहीतरी वेगळंच आहे."

"काय आहे?"

आम्ही एकमेकांशी बोलणं कमी केलं. मी न्यायालयात अर्ज केला. सासूविरुद्ध. साबळेबाईंनी पत्र दिलं, न्यायाधीशांनी लगेच आदेश काढला: तुकडा ताबडतोब द्यावा, न दिल्यास घराची झडती घ्यावी.

*

झडतीला एक महिला हवालदार सोबत आल्या. त्यांना आत्याबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. घर झाडून पुसून ठेवलं होतं, जणू पाहुणे येणार होते.

मी कपाटं उपसली. गाद्या उलटल्या. डाळीचे डबे ओट्यावर पालथे केले. शंतनू दाराला टेकून उभा होता. त्यानं कशालाच हात लावला नाही. शेवटी मी देवघराकडे वळले. टाक काढले, बाळकृष्ण काढला, खालचं लाल वस्त्र ओढलं. देव फरशीवर घरंगळले.

"थांब व पोरी," आत्याबाई म्हणाल्या. "नाई हाय थे इथं."

"कुठं आहे?"

"मोर्नेत."

हवालदार ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"पाचवीचं सामान पान्यात सोडतेत," आत्याबाई म्हणाल्या. "कागद, लेखनी, फुलं. सटवाईनं लिवलेलं घरात ठेवत नाईत. पुलावरून सोडलं म्या सगळं. त्याच्यातच होतं."

"चुकून?" शंतनूचा आवाज लहान मुलासारखा झाला. "माय, चुकूनच ना?"

"हो. चुकून."

हवालदार ताईंनी तसं लिहून घेतलं. शंतनू त्यांना सोडायला खाली गेला. आत्याबाई फरशीवर बसून एकेक देव पदरानं पुसायला लागल्या. मी उभीच होते. मोर्णा नदीनं तेव्हापासून सहा पावसाळे पाहिले होते. त्या गाळातून काहीही वर येणार नव्हतं.

पण एक गोष्ट मला पटत नव्हती. चुकून गेलं, तर पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. घराण्याचं नाव, गावची लोकं, हे सगळं कशाला?

"चुकून नव्हतं ना?" मी विचारलं.

त्या बाळकृष्ण पुसत राहिल्या.

"आत्याबाई."

"न्हानीच्या मांगं चूल होती आपली," त्या म्हणाल्या. "पानी तापवत होती मी, तुह्याचसाठी. तू रडत होती. 'थे बाई दारात आली तर' म्हनत होती. 'कोनीतरी उघडनच' म्हनत होती. ओली बाळंतीन तू. अशी रडली का दूध आटते." त्यांनी देव जागेवर ठेवला. "म्या म्हनलं, कशी येते पाहू. तुही पोरगी तुह्याजवळून कोनी नेत नाई. आता कोनालेच उघडता येत नाई."

मी तिथंच डाळीच्या ढिगाशेजारी बसले.

"मग... मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? का तू रडली म्हून फेकलं?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "जलमभर सोताले खात बसली असती तू. त्याच्यापक्षा मले शिव्या देत होती, थेच बरं होतं. मले शिव्यायनं काई होत नाई."

"मग आता का सांगितलंत?"

त्यांनी वर पाहिलं. "तू इचारलं ना व."

खालून शंतनूची पावलं ऐकू आली. आत्याबाईंनी घाईनं माझा हात दाबला. "त्याले चुकूनच सांगजो."

*

बीजकेंद्रातला तो इंजिनिअर पुन्हा आला. आता त्याचे केस विरळ झालेत, त्यालाही एक मुलगी आहे. मी त्याला विचारले ते प्रश्न मला शाळेतल्या पोरांनी विचारले असते तर मी हसले असते. हजार यंत्रं जोडली तर? नाही. क्वांटम यंत्र? एवढी मोठी संख्या फोडेल असं अजून कुणाकडे नाही. केंद्राच्या कुठल्या तरी कोपऱ्यात ती नोंद?

"मॅडम, मी स्वतःच्या हातानं पुसलीय," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे." आणि माझ्या ओट्याशी उभा राहून रडायला लागला. त्याची समजूत मला काढावी लागली.

एकच गोष्ट करता आली. चिमीमध्ये त्यानं नवी, जास्त वेगाची चिप बसवली. आजवरची शेवटची बाकी तिच्यात भरली आणि काम पुढं सुरू केलं.

"यानं किती वाचेल?"

"वर्ष. फार तर दीड."

अकरा वर्षांतून दीड. साबळेबाई तर आता वर्षांचं बोलतच नव्हत्या. मी "दिवाळीला?" असं विचारलं की त्या चष्मा पुसायच्या.

नवी चिप तापते आणि तापली की मंदावते. म्हणून शंतनूनं कूलरचं तोंड निम्मं कोनाड्याकडे वळवलं. मैतूच्या कपाळावर घाम साचायचा. मी कूलर तिच्याकडे फिरवायचे, शंतनू बाहेरून आला की न बोलता परत निम्मा करायचा. दोघंही वेडी झालो होतो. शेवटी मैतूच म्हणाली, "राहू दे ना. तिलापण उकडतं."

आत्याबाई आता आमच्याकडेच राहतात. दाराशी हात-पाय धुतात, तोंडाला पट्टी बांधतात आणि मैतूच्या पायथ्याशी बसतात. मैतूनं त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझं प्रेम परत आलं का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, मी काय सांगितलं होतं ते.

"हो व माय," त्या म्हणाल्या. "गावाले गेलं होतं. आलं."

*

आज दोघींचा सातवा वाढदिवस.

मैतूला उठून बसवत नव्हतं, म्हणून पाट दिवाणाशेजारी मांडला. साबळेबाईंनी दिवा लावू नका म्हटलं होतं, धुरानं त्रास होईल. आत्याबाईंनी निरांजनात फुलवातीऐवजी झेंडूचं फूल ठेवलं. शंतनूनं चिमीला कोनाड्यातून उचलून, वायर निघणार नाही अशा बेतानं पाटावर आणलं. मैतूनं तिला कुंकू लावलं. आत्याबाईंनी खालून मनगटाला आधार दिला. मग तिनं चिमीला साखर दाखवली आणि स्वतः खाल्ली. दोन दाणे.

"आजी म्हणते, चिमी अठरा वर्षांची झाली की बोलणार," मैतू म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

"काय बोलणार?"

"एक नाव सांगणार."

"कुणाचं?"

शंतनू खिडकीकडे वळला. मी म्हणाले, "एका बाईचं. तिनं तुला मला दिलं."

हे मैतूला पुरेसं वाटलं. ती उशीवर टेकली. मी ओवाळलं. ताम्हन तिच्या चेहऱ्यासमोरून फिरताना तिचे डोळे झेंडूच्या मागोमाग फिरत होते, अगदी तान्ही असताना फिरायचे तसेच. मला वाटलं झोप लागली. मी तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला, केस कानामागे घेतले. तिचे कान शंतनूसारखे आहेत. हनुवटी कुणासारखी आहे ते आम्हाला माहीत नाही.

टिंग, चिमी म्हणाली.

मैतूनं डोळे उघडले. हात लांब करून झाकणावर ठेवला, ओल्या कुंकवावरच. बराच वेळ ती त्या यंत्राची घरघर तळव्यानं ऐकत राहिली. मग मान माझ्याकडे वळवून, आजीला ऐकू जाऊ नये अशा बारीक आवाजात तिनं विचारलं,

"आई, मी नसले तरी चिमी अठरा वर्षांची होईल?"